मागच्या हापशीपर्यंत

११ डिसेंबर

प्रिय सत्या,

कोर्टकचेरीचं नाव माझ्यासमोर पुन्हा काढू नकोस, असं तू म्हणाली होतीस. तेहेतीस वर्षं मी ते पाळलं. आज काढतो आहे. फोनवर मला जमत नाही, तुला माहीत आहे. तू 'हो दादा, बरं दादा' म्हणतेस, मी वर्ध्याला थंडी किती आहे ते विचारतो, तुझ्या गुडघ्यांचं विचारतो आणि ठेवून देतो. म्हणून पोस्टातून पाकीट आणवलं. पत्र लांबेल. मधेच ठेवून देऊ नकोस, एवढंच सांगतो. शेवटपर्यंत वाचलंस की मग काय करायचं ते तू ठरव.

जुन्या कोर्टाच्या इमारतीची दुरुस्ती सुरू झाली आहे. कोर्ट बायपासला गेल्यापासून नऊ वर्षं तिथे कबुतरं होती आणि निवडणुकीच्या रिकाम्या पेट्या. आता वाचनालय होणार आहे आणि एका खोलीत जुन्या वस्तू मांडणार आहेत. काम बघायला अमरावतीची एक मुलगी येते, अनघा नावाची, इमारतीचं शिकलेली. तिला कुणीतरी सांगितलं की उकंडा पुकारेवाला अजून जिवंत आहे. ती घरी आली, चहा घेतला आणि मला गाडीत बसवून घेऊन गेली. तेव्हापासून रोज सकाळी मी डबा घेऊन जातो आणि प्लास्टिकच्या खुर्चीत बसतो. ती विचारते, साहेबांची खुर्ची कुठे होती, नाझरचं टेबल कुठे, आरोपीचा पिंजरा कोणत्या तोंडाने होता. मी काठीने दाखवतो. छपराचे कवेलू सगळे उतरवून, त्यांवर खडूने आकडे टाकून पुन्हा होते तसे चढवलेत. भिंतीवरून रंगाचे नऊ थर निघाले. सागवान अजून खणखणीत आहे. चुन्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घालतात, त्याचा वास दिवसभर कपड्यांना असतो आणि तुझी साधनावहिनी मला बाहेरच अंघोळ कर म्हणते. नोकरीत होतो तेव्हा त्या इमारतीत मला कुणी खुर्ची दिली नाही. आता दिली आहे, तर बसतो.

बाबांचं भोकसुद्धा सापडलं. साहेबांच्या खुर्चीमागच्या भिंतीतलं. बाबा बाहेरच्या पडवीत बसून ज्या भोकातून पंख्याची दोरी ओढायचे ना, ते कुणीतरी सिमेंटने बुजवलं होतं. अनघाला कळेना की एवढंसं भोक कशाला. मी सांगितलं, आमचे वडील, पुंडलिक त्यांचं नाव, अकरा वर्षं या भोकाच्या बाहेर बसले. आत कोण साहेब आहे हे त्यांना आवाजावरून कळायचं, तोंड कधी दिसलं नाही. तिने वहीत लिहून घेतलं. विजेचा पंखा आला आणि बाबा झाडूवर गेले, तरी भोक राहिलं होतं. तू पाच-सहा वर्षांची असशील, त्याला कान लावून बसायचीस आणि घरी येऊन आजीला साहेबांची नक्कल करून दाखवायचीस. आजी म्हणायची, या पोरीचं नाव सत्यशीला ठेवलं तेव्हाच मी पुंडलिकाला म्हटलं होतं, घरात वकील होईल. माझं नाव दीक्षेच्या आधी ठेवलेलं, म्हणून मी उकंडा राहिलो. तू मला त्यावरून चिडवायचीस. नंतर चिडवणं बंद केलंस, कधीपासून ते मला नेमकं माहीत आहे.

मला कोर्टात रोजंदारीवर घेतलं ते चौऱ्याऐंशी साल. तुझं लग्न त्याच उन्हाळ्यात व्हायचं होतं. जुना पुकारेवाला निवृत्त झाला होता आणि नाझर म्हणाले, आवाज पाहिजे, बाजारातल्या माणसाला ऐकू गेला पाहिजे. मग आपण दोघं रोज संध्याकाळी नाल्यापलीकडच्या पडीक जमिनीत जायचो. मी एका जागी उभा राहायचो आणि तू पावलं मोजत लांब जायचीस. मी ओरडायचो, 'अमुक वल्द अमुक, हाजिर हो'. ऐकू आलं की तू हात वर करायचीस. पहिल्या दिवशी बाभळीपर्यंत, आठ दिवसांनी विहिरीपर्यंत. शेवटी तू मोठ्या वडाखाली उभी होतीस, इतकी लांब की मला नुसता पिवळा परकर दिसत होता, आणि तिथून तुझा हात वर गेला. घरी येताना तू म्हणालीस, "दादा, आता तुह्या आवाजातून कोणी सुटत नाही." मला ती नोकरी आवाजाने मिळाली आणि तो आवाज तू तपासला होतास. हे मी कधी तुला बोलून दाखवलं नाही.

पुकाऱ्याचं काम बाहेरून सोपं दिसतं. दाव्याचा नंबर आला की ओसरीच्या पायरीवर जायचं, बाजाराकडे तोंड करायचं आणि नाव तीनदा पुकारायचं. तिसऱ्यांदाही कुणी आलं नाही तर आत येऊन म्हणायचं, 'गैरहजर, साहेब', आणि साहेब पुढचं लिहितात. माणूस समोर चहा पीत बसलेला असला तरी गैरहजर तो गैरहजर. पुरुषाच्या नावाला वल्द लागतं, बापाचं नाव. लग्न झालेल्या बाईच्या नावाला जौजे लागतं, नवऱ्याचं नाव. आणि बाईचं नाव पुकारलं की समोरच्या चहाच्या टपरीवर काय व्हायचं ते तुला माहीत नाही. पाच-सहा रिकामटेकडे ठरलेले असायचे. मी पुकारा केला की ते माझ्याच चालीवर म्हणायचे, 'अमकी जौजे अमकाऽऽ', आणि हसायचे. बाई डोक्यावरचा पदर पुढे ओढून त्यांच्यासमोरून आत जायची. कधी कधी ते नाव आठवडाभर बाजारात फिरायचं. मी आठ वर्षं हे ऐकलं. कधी कुणाला दटावलं नाही. खरं सांगायचं तर सुरुवातीला मलाही हसू यायचं.

मग तुझा दावा आला. जावई फुलचंदजींनी उमरखेडहून इथे दाखल केला, फारकतीचा आणि जयाच्या ताब्याचा. तू तेव्हा आपल्या घरीच होतीस, दीड वर्ष. जया सहा वर्षांची. वकील म्हणाले होते, पोरगी आईजवळच राहील, तू फक्त प्रत्येक तारखेला हजर राहा. पहिल्या दोन तारखांना साहेब रजेवर होते, पुकारा झालाच नाही. तिसऱ्या तारखेला, तो मंगळवार होता आणि बाजाराचा दिवस, मी तुला सकाळी म्हटलं, तू ओसरीच्या कोपऱ्यात बस, नंबर आला की मीच येऊन सांगीन. तू तिथे बसलीस. जयाच्या हातात शेंगदाण्याची पुडी होती. साडेबाराला वकील दुसऱ्या कोर्टात होते आणि साहेबांनी अचानक आपला दावा वर घेतला. मी बाहेर आलो. कोपऱ्यात तू नव्हतीस. फक्त तुझी कापडी पिशवी होती. पिशवी आहे म्हणजे बाई इथेच आहे, असं मी धरलं. शेंगदाणे खाऊन जयाला तहान लागली होती आणि तू तिला रेकॉर्ड रूमच्या मागे हापशीवर घेऊन गेली होतीस, हे मला नंतर कळलं.

आता ते लिहितो ज्यासाठी पाकीट आणवलं. मी पायरीवर गेलो. टपरीवरचे सगळे माझ्याकडे बघत होते. त्यांना माहीत होतं की आज कुणाचं नाव आहे. त्यांच्यातला एक आधीच तोंड उघडून तयार होता. सत्या, मी तुझं नाव पुकारलं, पण आवाज केला नाही. पहिल्यांदा खिशातल्या खिशात बोलावं तसं बोललो. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा 'जौजे' म्हणालो आणि पुढचं माझं मलाही ऐकू आलं नाही. टपरीवर काहीच पोचलं नाही, कुणी हसलं नाही. मी आत गेलो आणि म्हणालो, 'गैरहजर, साहेब'. मला वाटलं, आत्ता येशील, तोवर साहेब दुसरा कागद बघतील. साहेबांनी तोच कागद पुढे ओढला. तू ओल्या हातांनी दारात आलीस तेव्हा हुकूम सांगून झाला होता. लोकांना वाटतं तसं मी घाबरलो नव्हतो आणि विसरलोही नव्हतो. मला लाज वाटली. तुझ्या नावाची, चार टवाळ माणसांसमोर. बाकी काही कारण नाही.

त्यानंतरही वेळ होती. वकिलांनी तो एकतर्फी हुकूम रद्द करायचा अर्ज टाकला. तू सांगितलंस की पुकारा ऐकू आला नाही. साहेबांनी मला समोर बोलावलं. रोजंदारीचा माणूस होतो, कायम व्हायला एक वर्ष होतं, हे मी सांगतो पण त्याच्यामागे लपत नाही. साहेबांनी विचारलं, पुकारा तीनदा झाला होता का. मी म्हणालो, 'जी, साहेब'. ते खोटं नव्हतं. तीनदाच झाला होता. आवाज किती होता असं त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. वकिलांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. आणि मग तूच हात जोडून म्हणालीस, "माह्या भावाचा आवाज मोठ्या वडालोक येते, साहेब. त्यानं पुकारलंच असन. मलेच ऐकू नसन आलं." अर्ज नामंजूर झाला. वकील म्हणाले वर जाऊ. तू म्हणालीस नाही, चूक माझी आहे, मी जागा सोडली.

जयाला नेलं तो दिवस तू कसा काढलास मला माहीत नाही, कारण मी तिथे नव्हतो असंच म्हणावं लागेल. होतो ओसरीवरच. फुलचंदजी आणि त्यांची बहीण तिला घेऊन पायऱ्या उतरत होते आणि मी पुढच्या दाव्याचा पुकारा करत होतो. चांगल्या मोठ्या आवाजात. कुणीतरी फुलसावंगीचा माणूस होता, बांधाचं भांडण, तो पहिल्या हाकेलाच धावत आला. जयाने मागे वळून पाहिलं का, असं तू मला त्या रात्री विचारलंस. मी हो म्हणालो. मी पाहिलं नव्हतं, सत्या.

पुढचं तुझं तुला माहीत. तू वर्ध्याच्या वसतिगृहात लागलीस, दुसऱ्यांच्या मुलींच्या वेण्या घातल्यास, परकर शिवलेस. जया अठरा वर्षांची झाली तेव्हा उमरखेडला गेलीस आणि लगेच पुढच्या गाडीने परत आलीस. मला म्हणालीस, उंच झाली आहे. साधनाला वेगळं सांगितलंस, ते मला तिच्याकडून कळलं. जया दारातच म्हणाली होती, "कागदावर लिवलं हाय. तीन डाव नाव पुकारलं, तू आलीच नाही. कायले आली आता?" आणि तू तिला हापशीचं काही न सांगता परत फिरलीस. आईला पोरीपेक्षा पाणी मोठं झालं, असं तिला वाटू नये म्हणून. तहान तिचीच होती, हेही सांगितलं नाहीस.

मी यातलं काही अंगाला लावून घेतलं नाही. मी कायम झालो, निवृत्त झालो, पेन्शन घेतो, जेवतो, झोपही लागते. मला त्रास होत होता असं लिहिलं तर ते खोटं होईल. माझ्याजवळ एक हिशोबाची गोष्ट होती, ती मी धरून बसलो होतो. ओसरी पुढे, हापशी मागे. मधे साहेबांची खोली, रेकॉर्ड रूम, दोन-दोन हात जाड काळ्या दगडाच्या भिंती आणि रेकॉर्ड रूमच्या खिडक्या तर वाळवीच्या भीतीने कधीच्या विटांनी बंद केलेल्या. मी स्वतःला सांगायचो की त्या दिवशी घसा फाडून ओरडलो असतो तरी हापशीवर पोचलं नसतं. बाजाराचा दिवस होता, गलका होता. म्हणजे जे झालं ते तसंही झालंच असतं. एवढं मनात म्हटलं की पुढचा विचार करावा लागत नव्हता. तेहेतीस वर्षं मला ते पुरलं.

परवा अनघा म्हणाली, उकंडाकाका, तुमचा पुकारा आम्हाला यंत्रात भरून हवा आहे. त्या खोलीत लोक आले की ऐकू येईल, कोर्ट कसं चालायचं ते. मी म्हटलं, दात नाहीत आता. ती म्हणाली, नसू देत. जी पायरी माझ्या पायांनी डाव्या बाजूला झिजली आहे ना, ती तिने दुरुस्त करू दिली नाही, तशीच ठेवली आहे. तिथेच मला उभं केलं. मी विचारलं, कुणाचं नाव घेऊ? म्हणाली, कुणाचंही घ्या, मनाने काढलेलं. मी एक नाव मनात ठरवलं होतं, कुणीतरी गणपत वल्द कुणीतरी. टपरीच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. त्या दुकानाकडे तोंड केलं, छाती भरली आणि तोंडातून तुझं नाव आलं. 'सत्यशीला पुंडलिक, हाजिर हो'. जौजे नाही म्हणालो. बाबांचं नाव लावलं. तेव्हा मागे चुना कालवायचा मिक्सर चालू होता, अनघाने हात करून थांबवलं आणि मिस्त्रीला तो बंद करायला सांगितला. मग पुन्हा दोनदा. गवंडी थांबले. दुकानातला माणूस बाहेर येऊन बघायला लागला. हसलं कुणीच नाही. मला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. घसा तेवढा सोलवटला.

अनघा यंत्रात ऐकत बसली आणि मी काठी घेऊन मागे गेलो. कशाला गेलो ते मला माहीत होतं. हापशी अजून चालते, मजुरांचं सगळं तिच्यावरच असतं. केळापूरकडची विमलताई म्हणून एक बाई आहे, ती तिथे चुन्याचं घमेलं धूत होती. मी विचारलं, बाई, इथे कुणाचा आवाज आला का? ती म्हणाली, "आला ना बाबाजी, तिन्ही डाव आला. पह्यल्या डावाले मशीन चालू होती तरी आला. कोण हाय थे सत्यशीला? काहून बलावून राह्यले तिले?" मी रेकॉर्ड रूमच्या खिडक्यांकडे पाहिलं. त्यांचं काम अजून सुरू झालेलं नाही, विटा जशाच्या तशा आहेत. मी एक-एक खिडकी हात लावून बघितली. सत्तरीच्या माणसाचा बिनदाताचा आवाज, मिक्सर चालू असताना, हापशीवर गेला. त्या वेळी मी छत्तीस वर्षांचा होतो.

घरी आलो आणि साधनाला पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही. म्हणाली, "मले मालूम होतं." मी विचारलं, कसं? म्हणाली, "तवापासून तुम्ही तिले कधी हाकच मारली नाही. अंगणात असली तरी जवळ जाऊन बोलता." मी आठवून पाहिलं. खरं आहे. मग तिने मला वाढलं आणि मी जेवलो.

आता हे पत्र का लिहिलं ते. ते दालन चौदा एप्रिलला उघडणार आहे आणि तो आवाज तिथे रोज वाजेल. कुणीतरी फोनवर पाठवेल आणि तुझं नाव माझ्या तोंडून तू पहिल्यांदा असं ऐकशील, ते मला नको होतं. पण एवढंच असतं तर चार ओळी पुरल्या असत्या. या पाकिटात दुसरं एक पाकीट आहे. ते जयाला आहे. ती किनवटला दवाखान्यात नर्स आहे, पत्ता उमरखेडच्या एका कंडक्टरकडून मिळवला. त्यात मी लिहिलं आहे की त्या दिवशी तुझी आई तुला पाणी पाजायला हापशीवर गेली होती, आणि तुझ्या मामाने तिचं नाव पुकारलं नाही. पुकारल्याचं सोंग केलं. खाली सही आहे, तारीख आहे, अनघाची आणि साधनाची साक्ष आहे. तिकीट लावलं आहे, पाकीट बंद केलेलं नाही. मी ते इथून टाकू शकत होतो. पण तुझं नाव तुला न विचारता मी एकदा गिळलं आहे, आता तुला न विचारता ते दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. वाच, फाडावंसं वाटलं तर फाड, चुलीत घाल. माफी मागत नाही, ती मागून तुला आणखी एक काम कशाला लावू. मला उत्तरही लिहू नकोस. जयाने कधी इकडे फोन केला किंवा दारात येऊन मला चार शब्द सुनावले, तर मी समजेन की तू ते पोस्टात टाकलंस. पडीक जमिनीच्या त्या टोकाला वडाखालून तू हात वर केलास, तसंच ते मला कळेल. हापशीवर ऐकू येतं, सत्या. तुला ऐकू आलं असतं.

तुझाच,
उकंडादादा